बोटीवर जेवायला बसलेला माणूस आधी प्रवासी असतो

प्रति,
मुंबई बंदरातील प्रवासी नौकांना परवाने देणारी, त्यांची तपासणी करणारी आणि धक्क्यांचा कारभार पाहणारी सर्व प्राधिकरणे

विषय : संध्याकाळच्या जेवणाच्या नौकांवरील प्रवाशांची सुरक्षितता

महोदय, महोदया,

गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. वेळ दुपारी चारच्या सुमाराची होती. लख्ख उजेड होता, आसपास इतर बोटींची ये-जा होती, बंदराच्या आणि सुरक्षा दलांच्या नौका जवळच होत्या, आणि म्हणूनच पाण्यात पडलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे जिवंत बाहेर काढता आली. त्या अपघातानंतर गेटवेच्या लाँचवर प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती झाली आणि घारापुरीला जाणाऱ्या सहलींच्या फोटोंत नारिंगी जॅकेटे दिसू लागली. ती सक्ती ज्या बोटींपर्यंत पोचलेली मला दिसली नाही, त्या बोटींविषयी हे पत्र आहे. दिवेलागणीनंतर धक्का सोडणाऱ्या, पाहुण्यांना दोन-अडीच तास बंदरात फिरवून आणणाऱ्या, संगीत लावणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या बोटींविषयी.

दुपारी चार वाजता जे झाले ते रात्री साडेआठला झाले तर काय, हा प्रश्न या शहरात अधिकृतपणे कोणी कोणाला विचारला आहे का, हे मला माहीत करून घ्यायचे आहे. रात्री पाण्यात पडलेला माणूस वीस हातांवरून दिसत नाही. त्याची हाक संगीतात ऐकू येत नाही. तो बोटीवर होता याची नोंद कुठे नसेल, तर त्याला शोधायचे आहे हेही कोणाला कळत नाही.

या विषयात मी का पडले, ते सांगते. माझे वडील भाऊच्या धक्क्याहून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारे, होते. माझे सासर उरणचे, त्यामुळे लग्नानंतरही लाँच सुटली नाही. कडेवरची मुले, लग्नाच्या पेट्या, गणपतीचे मखर, आजारी माणसे, सगळे मी लाँचमधून नेले-आणले आहे. या बंदराचे पाणी मला परके नाही आणि मला त्याची भीतीही वाटत नाही. बोटीवर जाऊन जेवणे ही श्रीमंतांची चैन आहे, ती बंद करा, असे मी म्हणणार नाही. उलट मुंबईच्या माणसाने आपल्या शहराकडे पाण्यावरून पाहावे, असे मला मनापासून वाटते. काळोख पडल्यावर ताजमहाल हॉटेलचा घुमट, गेटवेची कमान आणि मागे दिव्यांनी भरलेले शहर पाण्यावरून जसे दिसते, तसे ते कुठल्याही गच्चीवरून दिसत नाही. माझ्या वडिलांनी ते दृश्य आयुष्यभर पाहिले, पण नेहमी सुकाणू हातात धरून. एकदा तरी त्यांनी ते खुर्चीवर बसून पाहावे, म्हणून त्यांच्या अमृतमहोत्सवी वाढदिवसाला नातवंडांनी हट्टाने जेवणाच्या बोटीची तिकिटे काढली.

ती बोट कोणाची आणि कोणत्या धक्क्यावरून सुटली, हे मी लिहीत नाही, कारण एका मालकाला धडा शिकवून हा प्रश्न सुटणारा नाही. त्या संध्याकाळी जे पाहिले तेवढे मात्र नोंदवते. ओहोटी होती. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यामुळे बोट खाली गेलेली, पायऱ्यांवर शेवाळ, आणि आमची बोट धक्क्याला थेट न लागता दुसऱ्या लाँचच्या पलीकडे लावलेली. काठी टेकत चालणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला आधी शेवाळलेल्या पायऱ्या उतराव्या लागल्या, मग पहिल्या लाँचच्या कठड्यावरून पलीकडे जावे लागले, आणि शेवटी दोन हलत्या बोटींमधली फट ओलांडावी लागली. एका तरुण खलाशाने त्यांचे मनगट घट्ट धरले होते. तो मुलगा काळजी घेणारा होता. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण चढताना कोणी नाव विचारले नाही, आणि किती माणसे चढली हे मोजताना मला कोणी दिसले नाही. तिकिटावर माझ्या मुलीचे नाव आणि पुढे एक आकडा, एवढीच आमच्या सगळ्यांची नोंद होती. मांडीवर बसणारी माझी धाकटी नात त्या आकड्यात नव्हती.

बसल्यावर वडिलांनी वाढणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न विचारला, “बाळा, जॅकेटं कुठं ठेवलीत?” तो अदबीने म्हणाला, “काका, खाली बाकात आहेत.” खालच्या डेकवर भिंतीलगत लांब बाक होते, त्यांची झाकणे उघडली की आत जॅकेटे, अशी रचना. त्या बाकांपुढे जेवणाचे टेबल लावलेले होते, त्याला जमिनीपर्यंत झालरीचे पांढरे कापड पिनांनी बसवलेले, वर भाजी-भाताची झाकणाची भांडी, आणि भांड्यांखाली जेलचे जळते दिवे. म्हणजे जॅकेट हवे असेल, तर आधी पेटलेल्या दिव्यांसकट सगळे टेबल बाजूला ओढायचे, मग झाकण उघडायचे. टेबलाचे दुसरे टोक बाहेर जाण्याच्या एका दाराला लागलेले होते, त्यामुळे ते दार अर्धेच उघडत होते. बोट सुटली, गाणी सुरू झाली, स्वागताचे सरबत आले. सुरक्षिततेविषयी एक वाक्यही कोणी बोलले नाही.

थोड्या वेळाने वडील वरच्या डेकवर गेले आणि पुढे, सारंगाच्या केबिनजवळ उभे राहिले. कठड्याला सगळीकडून रंगीत दिव्यांच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. त्या क्षणात लाल, क्षणात हिरव्या, क्षणात निळ्या होत होत्या. ते मला म्हणाले, “आपली बत्ती कुठली आणि नाचायची बत्ती कुठली, हे समोरच्याला कसं कळणार?” त्यानंतर ते नीट जेवले नाहीत.

त्यांच्या या प्रश्नावर मी पुढे पुष्कळ वाचले, आणि तो म्हाताऱ्या माणसाचा चिंतातुरपणा नव्हता, हे माझ्या लक्षात आले. रात्री नौकेच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, आणि डोलकाठीवर व मागे पांढरा दिवा असतो. या दिव्यांवरूनच समोरचा सारंग ठरवतो की दिसणारी नौका येते आहे की जाते आहे, आणि आपण कोणत्या बाजूला वळायचे. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत विसावा नियम हेच सांगतो की, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ठरलेल्या दिव्यांखेरीज असे कोणतेही दिवे दाखवू नयेत, ज्यांच्यामुळे गैरसमज होईल, ठरलेले दिवे झाकोळतील किंवा टेहळणीत अडथळा येईल. पाचव्या नियमाप्रमाणे टेहळणी डोळ्यांनी आणि कानांनी, दोन्हींनी करायची असते. ज्या बोटीवर शेजारच्या खुर्चीवरचे बोलणे ऐकू येत नाही, त्या बोटीच्या सारंगाला येणाऱ्या जहाजाचा भोंगा ऐकू येईल, असे आपण कशाच्या भरवशावर धरून चालतो?

आणि हे बंदर रिकामे नाही. न्हावा-शेव्याला जाणारी कंटेनरची अजस्र जहाजे याच पाण्यातून जातात, जवाहर द्वीपाला तेलवाहू जहाजे लागतात, नौदलाची गोदी इथेच आहे, माणसांबरोबर गाड्याही नेणारी मांडव्याची रो-रो बोट, मासेमारीच्या बोटी, खाजगी यॉट, स्पीड बोटी, सगळे याच मार्गांवर. लहान नौकेने अरुंद मार्गात मोठ्या जहाजाला अडथळा करू नये, असाही नियम आहे, कारण मोठे जहाज मनात आणले तरी चटकन थांबू किंवा वळू शकत नाही. शहराचा देखावा दाखवण्यासाठी रेंगाळणारी, इंजिन मंद ठेवलेली, दिव्यांनी झगमगणारी नौका या वर्दळीत नेमकी कुठपर्यंत जाऊ शकते आणि कुठे जाऊ शकत नाही, हे तिच्या परवान्यात लिहिलेले आहे का? असेल, तर ते प्रवाशाला वाचायला मिळत का नाही?

काही जण म्हणतील की जगभर नद्यांवर रात्रीच्या जेवणाच्या नौका चालतात, मग मुंबईनेच एवढे घाबरावे का. बँकॉकला गेलेले आपले लोक चाओ फ्रायावरच्या जेवणाचे फोटो पाठवतात, पणजीला गेलो की मांडवीवर फेरी होतेच, आणि २०२३ पासून अहमदाबादेत साबरमतीवरही जेवणाची क्रूझ सुरू झाली आहे. मुंबईला अशी नदी उरलेली नाही. मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या आपल्या चार नद्यांपैकी एकीवरही कोणी जेवायला बसू शकेल, अशी आज त्यांची अवस्था नाही. पवई-विहाराकडून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहणारी मिठी आपल्याला आठवते ती २६ जुलै २००५ च्या पुरामुळे. त्या नद्यांचे दुःख मोठे आहे आणि त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल. इथे मुद्दा एवढाच की नदीवरची ही हौस मुंबईत थेट बंदरात उतरली आहे. अहमदाबादेत वासणा बंधाऱ्याने अडवलेले संथ पाणी आहे, भरती-ओहोटी नाही, व्यापारी जहाजे नाहीत. तिथे पुरेशी ठरणारी काळजी इथे पुरत नाही.

शिवाय, शहराच्या नद्यांवरही हे सगळे निर्धोक होते असे नाही. लंडनमध्ये टेम्स नदीवर २० ऑगस्ट १९८९ च्या मध्यरात्रीनंतर ‘मार्चनेस’ या नौकेवर वाढदिवसाची मेजवानी चालू असताना तिला वाळू उपसणाऱ्या मोठ्या जहाजाची धडक बसली आणि ५१ माणसे बुडाली. त्यांतली बहुतेक तरुण होती. बुडापेस्टमध्ये डॅन्यूबवर २९ मे २०१९ च्या रात्री ‘हाब्लेआन्य’ या पर्यटक नौकेला मोठ्या क्रूझ जहाजाने मागून धडक दिली, आणि ३५ जणांपैकी फक्त ७ वाचले. नौका काही सेकंदांत तळाला गेली. शहराच्या मध्यभागी, दोन्ही काठांवर दिवे आणि माणसे असताना हे झाले. आपल्याकडे केरळात तेक्कडीच्या तलावात ३० सप्टेंबर २००९ रोजी दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जण गेले, तर ७ मे २०२३ च्या संध्याकाळी तानूर येथे मासेमारीच्या बोटीतून बदल करून बनवलेली दुमजली पर्यटक बोट अंधार पडल्यावर उलटली आणि २२ जण गेले, त्यांत लहान मुले बरीच होती. वडोदऱ्यात १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीला गेलेली १२ मुले आणि त्यांच्या २ शिक्षिका बुडाल्या. या प्रत्येक ठिकाणी चौकशी झाली. प्रत्येक ठिकाणी पुढीलपैकी काही ना काही कारण समोर आले : वरच्या मजल्यावर किंवा एका बाजूला गर्दी, क्षमतेहून जास्त माणसे, अंगावर नसलेली जॅकेटे, आणि नजर दुसरीकडे असलेला चालक. कारणे माहीत असताना आपण पुन्हा पुन्हा चौकशीचीच वाट का पाहायची?

आपल्या शहरालाही सूचना मिळून गेली आहे. २०१८ च्या मे महिन्यात वांद्रे-वरळी सागरी सेतूजवळ नांगरलेले एक तरंगते रेस्टॉरंट बुडाले. त्या वेळी त्यावर पाहुणे नव्हते आणि कर्मचाऱ्यांना वाचवता आले, म्हणून ती बातमी चार दिवसांत विरली. पाहुण्यांनी भरलेली ती रात्र असती तर आज नियम वेगळे असते, आणि हीच गोष्ट मला असह्य वाटते.

माझी मुख्य तक्रार ही आहे की जेवणाच्या नौकेवर चढणाऱ्या माणसाला आपली व्यवस्था ग्राहक समजते. त्याच्या ताटातल्या अन्नासाठी एक परवाना, पेयासाठी दुसरा, गाण्यासाठी तिसरा. आणि बोट म्हणून जो परवाना लागतो, तो जणू हॉटेलच्या इमारतीच्या दाखल्यासारखा कार्यालयाच्या फायलीत राहतो. पण धक्क्याची दोरी सुटली की तो माणूस सर्वार्थाने प्रवासी झालेला असतो. मोऱ्याला भाजीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाईइतकाच तो सारंगाच्या आणि बोटीच्या हवाली झालेला असतो. उलट त्याची स्थिती अधिक नाजूक असते, कारण रोज लाँचने जाणाऱ्या माणसाला बोट डोलली की काय धरायचे ते कळते. वाढदिवसाला नटून-थटून आलेल्या, उंच टाचांच्या चपला घातलेल्या, कदाचित दोन पेग घेतलेल्या आणि पोहता न येणाऱ्या पाहुण्याला ते कळत नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. त्यात नोंदणी आहे, सर्वेक्षण आहे, चालकदलाची पात्रता आहे, जीवरक्षक साधने आहेत, विमा आहे. कायदा नाही म्हणून हे होते, असे कोणी म्हणू शकत नाही. रात्री आठ वाजता धक्क्यावर उभे राहून तो कायदा पाळला जातो की नाही, हे पाहणारा माणूस मला दिसला नाही.

दुसरी तक्रार चालकदलाविषयी आहे. त्या बोटीवर पांढऱ्या शर्टातली पुष्कळ मुले होती आणि ती सगळी वाढत होती. खलाशी म्हणावे असे दोघेच. आग लागली, बोट कलंडली, कोणी पाण्यात पडले, तर त्या पांढऱ्या शर्टातल्या मुलांनी काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवले आहे का, असे मी एकाला विचारले. तो म्हणाला, “मॅडम, मी केटरिंगचा आहे.” त्याचे उत्तर प्रामाणिक होते. केटरिंगच्या मुलांना चालकदलात मोजता येणार नाही, पण बोटीवरच्या एकूण माणसांत त्यांना मोजलेच पाहिजे, आणि मला शंका आहे की आज याच्या बरोबर उलट होत असावे.

लाइफ जॅकेटांविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण यावर सोपे उत्तर देऊन मोकळे होण्याची भीती आहे. जेवताना प्रत्येकाच्या गळ्यात जाड जॅकेट घाला, एवढाच आदेश निघाला तर तो आठवडाभर पाळला जाईल आणि मग हसण्यावारी जाईल. वडील सांगतात की उघड्या लाँचवर जॅकेट अंगावरच हवे, पण काचा बंद असलेल्या खालच्या डेकवर पाणी शिरले तर अंगातले फुगीर जॅकेट माणसाला छताकडे लोटते आणि दारापर्यंत जाऊ देत नाही. तिथे आधी दार मोकळे हवे, आणि जॅकेट हाताशी हवे. म्हणून उघड्या डेकवर अंगावर, बंद डेकवर प्रत्येक खुर्चीखाली, आणि लहान मुलांच्या मापाची वेगळी जॅकेटे, असा स्पष्ट नियम करावा. कुलूपबंद पेटीत, बाकाच्या पोटात किंवा जेवणाच्या टेबलाआड ठेवलेले जॅकेट हिशेबात धरूच नये.

कचऱ्याचाही उल्लेख करते, लांबवत नाही. उष्टे अन्न, थर्माकोल आणि प्लास्टिकचे पेले रात्री पाण्यात जाताना मी पाहिले आहेत. सकाळी ते आमच्या उरण-करंजाच्या कोळ्यांच्या जाळ्यांत येतात.

आता मागण्या. पहिली आणि सर्वांत स्वस्त मागणी अशी की प्रत्येक जेवणाच्या नौकेच्या चढण्याच्या जागी मराठीत, मोठ्या अक्षरांत फलक असावा. त्यावर परवान्याची मुदत, शेवटच्या सर्वेक्षणाची तारीख, आणि वरच्या व खालच्या डेकची वेगवेगळी प्रवासी क्षमता लिहिलेली असावी. एकूण आकडा पुरेसा नाही, कारण आतषबाजी किंवा ताजचे दिवे पाहायला सगळे वर धावले की बोटीचा तोल बदलतो. दोरी सोडण्यापूर्वी बोटीवरील प्रत्येक माणसाची, मांडीवरच्या बाळासकट आणि केटरिंगच्या मुलांसकट, नावनिशीवार यादी धक्क्यावरच्या कार्यालयात जमा झाल्याखेरीज बोट सुटू नये. विमानाला जे जमते ते शंभर माणसांच्या बोटीला जमायला हरकत नसावी.

सुटण्यापूर्वी संगीत बंद ठेवून, मराठी आणि हिंदीतून, जॅकेट कसे घालायचे आणि बाहेर कुठून पडायचे हे करून दाखवावे, आणि ते झाल्यावरच पहिला पेला भरला जावा. बाहेर जाण्याच्या दारांपुढे टेबल, खुर्ची, सजावट काहीही नको, आणि बंद डेकवर उघडी ज्योत नको. अन्न गरम ठेवण्याचे इतर मार्ग आहेत. नौकेच्या ठरलेल्या दिव्यांशी गल्लत होईल अशी लाल-हिरवी रोषणाई पूर्ण बंद करावी. मोठ्या जहाजांच्या मार्गाजवळ असताना संगीत थांबवावे आणि सारंगाशिवाय आणखी एक माणूस फक्त टेहळणीसाठी उभा असावा, ज्याच्या हातात ट्रे नसेल.

चढण्या-उतरण्याची जागा हा स्वतंत्र प्रश्न आहे. कुलाब्यात रेडिओ क्लबजवळ नवी प्रवासी जेट्टी उभारण्याचे ठरले आहे. तिच्याविषयी रहिवाशांचे आक्षेप न्यायालयापर्यंत गेले आणि त्यांत मी शिरत नाही. पण नवी जेट्टी तयार होईपर्यंत म्हाताऱ्या, गरोदर आणि अपंग माणसांनी एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर उडी मारत राहायचे, हे मान्य होण्यासारखे नाही. रात्री प्रवासी घेणारी नौका थेट धक्क्याला लागावी, मध्ये कठड्याची फळी असावी, पायऱ्यांवरचे शेवाळ नियमित घासले जावे आणि तिथे नीट उजेड असावा. हे करायला निविदा लागत नाही.

माझी सर्वांत आग्रहाची मागणी बचाव नौकेची आहे. मार्चनेसच्या दुर्घटनेनंतर चौकशा झाल्या आणि अखेर २००२ मध्ये टेम्स नदीवर चार ठिकाणी कायमस्वरूपी जीवरक्षक नौकांची केंद्रे उभी राहिली, तिथे दिवसरात्र माणसे सज्ज असतात. लंडनला त्यासाठी तेरा वर्षे लागली. मुंबईच्या बंदरात, जोपर्यंत एकही जेवणाची नौका पाण्यावर आहे तोपर्यंत, केवळ बचावासाठी राखून ठेवलेली, प्रकाशझोत असलेली, प्रशिक्षित माणसांची नौका गेटवेच्या परिसरात इंजिन तयार ठेवून उभी असावी. तिचा खर्च या नौकांच्या परवाना शुल्कातून घ्यावा. तिकिटाचे दर थोडे वाढले तर आम्ही देऊ.

तपासणी संध्याकाळी, न सांगता आणि बोटीवर चढून व्हावी, आणि प्रत्येक तपासणीचा निष्कर्ष लोकांना वाचता येईल असा जाहीर व्हावा. आज प्रवाशाला तक्रार करायची असेल, तर बोट एका कार्यालयाची, धक्का दुसऱ्याचा, पाणी तिसऱ्याचे आणि अन्न चौथ्याचे, अशी उत्तरे मिळतात. मला स्वतःला ती मिळाली. आपण सर्वांनी मिळून रात्रीच्या प्रवासी नौकांसाठी एकच जबाबदार अधिकारी नेमावा आणि त्याचे पदनाम व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक धक्क्यावर लावावा.

नौका-मालकांशीही मी दोन शब्द बोलू इच्छिते, कारण तेही हे पत्र वाचतील. या मागण्या तुमच्या धंद्याविरुद्ध नाहीत. तुमच्यापैकी काही जण यांतल्या बऱ्याच गोष्टी आजही स्वखुशीने करत असतील, आणि त्यांना नियमाची भीती वाटण्याचे कारण नाही. एका बोटीचा अपघात झाला की सगळ्यांच्या बोटी महिनोन्‌महिने धक्क्याला लागतात, आणि खलाशांच्या घरची चूल बंद पडते, हे मी सारंगाच्या घरात वाढल्यामुळे जाणते.

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याकडे जाणाऱ्या छोट्या लाँच बंद असतात, आणि गणपतीच्या सुमाराला हंगाम पुन्हा उघडतो. मधले हे महिने नियम करायला, माणसे शिकवायला आणि फलक रंगवायला पुरेसे आहेत. हंगाम उघडण्यापूर्वी वरील प्रत्येक मागणीवर आपण काय ठरवले, काय नाकारले आणि नाकारले असल्यास का, याचे लेखी उत्तर द्यावे, आणि ते गेटवेला व भाऊच्या धक्क्याला प्रवाशांना वाचता येईल अशा जागी लावावे. ज्या नौका नियम पूर्ण करणार नाहीत, त्यांना पहिल्या दिवसापासून सूर्यास्तानंतर प्रवासी घेऊ देऊ नयेत.

आपली,
माझगाव येथील एक रहिवासी आणि निवृत्त सारंगाची मुलगी